सागाचा खरा तोटा जाळीदार पानांत दिसत नाही

पावसाळा सरता सरता विदर्भातल्या सागवानात पाने तपकिरी पडतात, त्यांची नुसती जाळी उरते आणि जंगल वाळल्याची ओरड होते. हे काम युटेक्टोना पतंगाच्या अळीचे. शिरा सोडून ती पानाचा हिरवा भाग खाते. दृश्य भेसूर असते, पण तोवर सागाची वर्षाची बरीचशी वाढ उरकलेली असते आणि ही जून पाने थोड्याच महिन्यांत गळणार असतात. खरा घाव घालते हायब्लिया पतंगाची अळी. वळवाच्या सरींनी फुटलेली कोवळी पालवी ती मुख्य शिरांपर्यंत फस्त करते. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या तरुण लागवडीत मोजमाप केले, तेव्हा हायब्लियामुळे लाकडाची संभाव्य वाढ सुमारे 44 टक्क्यांनी घटल्याचे 1985 मध्ये मांडले गेले. जाळी करणाऱ्या अळीचा वाढीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणून प्रादुर्भाव किती भयानक दिसतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहायला हवे.

झाड मरत नाही, पुन्हा पालवते, मग चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. मिश्र नैसर्गिक जंगलापुरते मला ते पटते. तिथे अळ्यांवर पक्षी आणि परजीवी कीटक जगतात, अळ्यांच्या विष्ठेतून मातीला अन्न मिळते. लाकडासाठी लावलेल्या सागाचा हिशेब वेगळा आहे. दुसरी पालवी साठवलेल्या अन्नावर फुटते, आणि खोड जाड होण्याचा हंगाम तेवढा वाया जातो.

मग सरसकट कीटकनाशक फवारावे का? माझ्या मते नाही. पतंग लांबून उडत येतात, त्यामुळे आजची फवारणी उद्याची लाट अडवत नाही. मरतात ते मात्र अळीचे शत्रूही. निलंबूरच्या निरीक्षणांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसली: हंगामातले पहिले उद्रेक छोट्या, विखुरलेल्या पट्ट्यांत होतात आणि पुढच्या पिढ्या मोठा परिसर व्यापतात. पहारा त्या पहिल्या पट्ट्यांवर हवा. तिथे वापरण्याजोगा एक विषाणू याच अळीत सापडला आहे. पानाबरोबर तो पोटात गेला की अळी मरते आणि तिच्या विरघळलेल्या देहातून तो पुन्हा पानांवर पसरतो. तो उन्हात लवकर निकामी होतो आणि मोठ्या अळ्या त्याला दाद देत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तोड एकच: अळ्या लहान असतानाच, शक्यतो संध्याकाळी फवारणी करायची. त्यासाठी पहिल्या सरीनंतरच्या दिवसांत वनरक्षकाने रोज पालवी उलटून पाहिली पाहिजे.