पुस्तकांच्या कपाटात उजेड

एलईडी पट्टी फळीच्या मागच्या कडेला लावली, की भिंत उजळते आणि पुस्तकं अंधारात राहतात. ती वरच्या फळीखाली, पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला हवी. तरच कण्यावरची नावं स्वच्छ वाचता येतात.

रंग २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर घ्यावा. मीटरला ४.८ वॉटची पाच मीटर पट्टी २४ वॉट वीज घेते. अडॅप्टर मात्र ३० वॉटचा असावा, म्हणजे तो सतत पूर्ण भारावर तापत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल पट्टीची उष्णता ओढून घेतं, दुधी झाकणामुळे दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत.

एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, पण दृश्य प्रकाशानेही मुखपृष्ठं फिकी पडतात. संग्रहालयं जुन्या कागदावर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात. घरातल्या दुर्मीळ आवृत्त्यांच्या कप्प्याला डिमर लावावाच.