सजद्यात गुडघा दुखतो? आधी हाडं आणि सांधे समजून घ्या

मशिदीत सफच्या कडेला मांडलेल्या खुर्च्या आता कुणाला नवीन वाटत नाहीत. घराघरातही हेच ऐकू येतं. अम्मीचे गुडघे दुखतात, नानांची कंबर धरते, दादीला जिना चढवत नाही. "वय झालं, हाडं झिजली" असं म्हणून आपण विषय संपवतो. पण हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं आणि त्याची काळजी घेतली तर ते साथही देतं.

206 हाडांचा सांगाडा

जन्मलेल्या बाळाच्या अंगात सुमारे 300 हाडं असतात. वाढत्या वयात त्यातली काही एकमेकांना जुळतात आणि मोठ्या माणसात 206 उरतात. यातली निम्म्याहून जास्त, म्हणजे 106 हाडं फक्त दोन हात आणि दोन पाय यांच्या पंजांत असतात.

हाडात जुनं झालेलं काढून टाकणाऱ्या आणि नवीन भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करतात. साधारण 10 वर्षांत सांगाड्याचा बहुतेक भाग नव्याने बांधला जातो. तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढे झीज वाढत जाते. बायकांची पाळी बंद झाली की ही झीज आणखी वेगाने होते. म्हणून उतारवयात बायकांची हाडं लवकर ठिसूळ होतात.

नमाजेत कोणते सांधे काम करतात?

तकबीरसाठी हात वर जातात तेव्हा खांद्याचा सांधा फिरतो. वाटीत गोळा बसवावा तशी त्याची रचना असते. रुकूत खुबा वाकतो, त्याच्या जोडीला पाठीचे मणके. सजद्यात गुडघा, घोटा आणि पायाची बोटं दुमडतात. अत्तहियातला बसताना गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो. पाच वेळच्या फर्ज नमाजेच्या 17 रकात, म्हणजे रोज 34 सजदे झाले.

तिलावत करताना खालचा जबडाही हलतो. जुने ग्रीक वैद्य हा जबडा दोन हाडांचा समजत. इ.स. 1200 च्या सुमारास इजिप्तमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी दोन हजारांहून जास्त कवट्या स्वतः पाहिल्या आणि तो एकच हाड असल्याचं लिहून ठेवलं.

गुडघा का दुखतो?

गुडघ्यात दोन हाडांची टोकं समोरासमोर येतात. ती एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणासारखं पाणी. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबला-सोडला की पाणी आतबाहेर होतं, तसं हालचालीमुळे तिला पोषण मिळतं. दुखतं म्हणून दिवसभर पलंगावर बसून राहिलं तर सांधा आखडतो, मांडीचे स्नायू कमजोर होतात आणि सगळा भार परत गुडघ्यावरच येतो.

म्हणून चालणं सोडू नका. वजन जास्त असेल तर कमी करा. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा आणि खाली आणायचा, एवढा साधा व्यायामही उपयोगी पडतो. गुडघा मिटताना फार दुखत असेल तर जबरदस्ती करू नका. उभं राहून जमत नसेल त्याला बसून नमाजेची सवलत दीननेच दिली आहे. आपल्या बाबतीत काय करावं, हे डॉक्टर आणि इमामसाहेब दोघांनाही विचारा. गुडघा सुजला, गरम झाला किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

ऊन, दूध आणि पाया

मोठ्या माणसाला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका मोठ्या ग्लास दुधात साधारण 300 मिळतं. दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांतूनही मिळतं. पायाचा रस्सा चवीला आणि ताकदीला चांगला, पण हाडातलं कॅल्शियम रश्श्यात फारच थोडं उतरतं. फक्त पाया खाऊन मोडलेलं हाड लवकर जुळेल, असं समजू नका.

खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं. ते त्वचेवर थेट ऊन पडल्यावर तयार होतं, कपड्यातून किंवा काचेतून आलेल्या उन्हाने नाही. वर्ध्यात ऊन भरपूर आहे, पण घरात राहणाऱ्या आणि बाहेर बुरख्यात जाणाऱ्या बायकांपर्यंत ते पोचत नाही. पडदा सांभाळून अंगणात किंवा गच्चीवर थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बसता येतं. एप्रिल-मेच्या भर दुपारी मात्र नको. औषधाच्या दुकानात मिळणारी 60,000 युनिटची पुडी स्वतःच्या मनाने घेऊ नका, ती जास्त झाली तर अपाय होतो.

घरात कुणी पडलं तर

फजरच्या अंधारात, वजूच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडतं. माणूस उभा राहू शकत नाही, तो पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळतो. अशा वेळी तेल लावून चोळू नका, हाड बसवायला ओढू नका. पाय आहे तसा ठेवून 108 ला फोन करा.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आपल्या जवळच आहेत. सेवाग्रामला तर 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे तिथे गेल्या गेल्या विचारा. ऑपरेशन लागणार असेल तर शक्यतो दोन दिवसांत झालेलं बरं. "या वयात कशाला चिरफाड" म्हणून म्हाताऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पलंगावर ठेवलं तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. पुष्कळदा माणूस मोडलेल्या हाडाने जात नाही, या पडून राहण्याने जातो.

वजूच्या जागी खडबडीत फरशी किंवा रबरी चटई, धरायला भिंतीत एक दांडा आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा एवढं आजच करता येईल. खर्च थोडा आहे, आणि घरातली मोठी माणसं आपल्या पायांनी मुसल्यापर्यंत जात राहतील.