टूलचे वर्णन : जिल्हा कुठला आणि कधीचा?

एआय एजंट, म्हणजे टूले वापरून काम करणारे भाषा-मॉडेल, टूलचा कोड वाचत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याचा आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या टूले जोडण्याच्या पद्धतीतही टूलची ओळख अशीच दिली जाते. नाव आणि आराखडा मागच्या भागात झाले.  या भागात वर्णनाचा विषय; तो खानदेशाच्या गॅझेटियरांवर, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांवर, पारखून घेण्याजोगा आहे.

ही गॅझेटियरे ऑनलाइन वाचता येतात : मुंबई इलाख्याच्या मालिकेतला खानदेशाचा बारावा खंड (१८८०), जळगाव जिल्ह्याचा खंड (१९६२) आणि धुळे जिल्ह्याचा (१९७४). तिन्ही इंग्रजीत आहेत. अडचण हद्दींची आहे. १८८० चा खानदेश अखंड होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके निघून नंदुरबार जिल्हा झाला.

आता या खंडांमध्ये शोध घेणारे एक टूल आहे आणि त्याचे वर्णन एवढेच आहे : ‘खानदेशाच्या गॅझेटियरमध्ये माहिती शोधते.’ तोरणमाळविषयी विचारले की एजंट आजच्या भूगोलाने चालतो. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, म्हणून जिल्ह्याच्या रकान्यात ‘नंदुरबार’ भरतो. त्या नावाचा खंडच नसल्यामुळे उत्तर रिकामे येते आणि ‘गॅझेटियरमध्ये तोरणमाळची नोंद नाही’ असे वापरणाऱ्याला बिनदिक्कत सांगितले जाते. कोड बरोबर, मॉडेलचे भूगोलाचे ज्ञानही बरोबर. तरी उत्तर चूक.

यावर एखादा वाचक रास्त प्रश्न विचारेल : नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात होते हे मॉडेलला ठाऊक नसते का? बहुधा असते. पण या टूलमागची पाने कोणत्या काळच्या हद्दींप्रमाणे लावली आहेत, हे जगातल्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ही गोष्ट टूल बांधणाऱ्यालाच माहीत असते. वर्णनात जागा द्यायची ती अशाच माहितीला. गॅझेटियर म्हणजे काय, खानदेश कुठे आहे, हे सांगण्यात शब्द घालवू नयेत; वर्णन दर वेळी मॉडेलच्या वाचनात जाते आणि टूले वाढली की हा भार जाणवू लागतो.

सुधारलेले वर्णन असे होईल : ‘१८८०, १९६२ आणि १९७४ च्या तीन इंग्रजी खंडांत शब्दशोध करते. जिल्हा प्रकाशनवर्षाच्या हद्दीप्रमाणे द्यावा. आजच्या नंदुरबार जिल्ह्यासाठी १९७४ चा धुळे खंड किंवा १८८० चा खानदेश खंड निवडावा. शोधशब्द इंग्रजीत द्यावा. धुळ्यासाठी “Dhulia” हे जुने स्पेलिंग वापरावे. उत्तरात खंड, प्रकरण आणि उतारा मिळतो. पूर्ण प्रकरण मिळत नाही. सध्याची लोकसंख्या, बाजारभाव किंवा सातबारा यांसाठी हे टूल वापरू नये.’

यातले शेवटचे वाक्य बहुतेक जण गाळतात आणि तेच सर्वांत उपयोगी असते. केळीचा भाव विचारला तर एजंटाने १९६२ च्या खंडात शिरू नये, हे त्याला स्पष्ट सांगितलेले बरे. ‘पूर्ण प्रकरण मिळत नाही’ हेही तितकेच गरजेचे. ते नसेल तर एजंट एका उताऱ्यालाच पूर्ण मजकूर समजू शकतो.

रिकाम्या उत्तराचा बंदोबस्त मात्र वर्णनावर सोडू नये. ‘नंदुरबार’ असा जिल्हा आला तर टूलने गप्प न राहता ‘या नावाचा खंड नाही, १९७४ चा धुळे खंड पाहा’ असे उत्तरातच सांगावे.

स्पेलिंगचे काम अजून अपुरे आहे. १८८० च्या छापील खंडात स्थलनामांतल्या स्वरांवर खुणा आहेत आणि अनेक गावांची रूपे आजच्याहून वेगळी आहेत. जळगाव-धुळ्याच्या ज्या वाचकांनी आपल्या तालुक्यातल्या गावांची अशी जुनी स्पेलिंगे टिपून ठेवली असतील, त्यांनी ती खंड आणि पानासह जरूर कळवावीत.