बगलेचा डाव : एका घराची सवय

वजिराच्या उंटाच्या प्याद्याला काळ्याने राजाचे प्यादे दोन घरे लोटून उत्तर दिल्यास काय करावे, हे प्रकरण आज तूर्त तहकूब करतो. कारण भोरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न मला त्याहून अगत्याचा वाटतो. वेल्ह्याकडच्या गावी आजोबांपाशी बसून ते देशी पद्धतीने, म्हणजे प्यादे एकेकच घर चालवीत, खेळायला शिकले. आता दोन घरांच्या आंतरराष्ट्रीय डावात ही जुनी सवय जाचक ठरेल काय, असे त्यांचे विचारणे आहे.

या दोन पद्धतींचा संघर्ष काही आजचा नव्हे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील इंग्रजी ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईस छापला गेला, तेव्हा डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या शीर्षकातच नमूद करावे लागले. पुढे कलकत्त्यास कॉक्रन यांच्याशी खेळताना महेशचंद्र बॅनर्जी काळ्या मोहऱ्यांनी घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून उंट मोठ्या कर्णावर बसवीत. मध्य प्रतिपक्षाला खुशाल व्यापू द्यावा आणि मग त्यावर दुरून मारा धरावा, हे धोरण आज कलकत्त्यावरून ओळखले जात नसले, तरी 'भारतीय' बचाव या नावाने जगभर रूढ आहे. आपली बगलेची मांडणी म्हणजे हेच धोरण, पांढऱ्याच्या हाती आणि एका खेळीच्या आघाडीसह.

म्हणून सवय जाचक नाही. जाचक आहे ती सवयीमागची स्वस्थता. देशी डावात दोन्ही पक्ष सावकाश सरकत असल्याने मोहरी मांडण्यास सवड मिळे. येथे काळा दुसऱ्या खेळीसच वजिराचे प्यादे आपल्या हद्दीत घुसवतो. राजाकडील घोडा काढून आपण आरंभ केला, काळ्याने वजिराचे प्यादे दोन घरे टाकले, आपण वजिराच्या उंटाचे प्यादे दोन घरे टाकले आणि काळ्याने आपले प्यादे आणखी रेटले, तर तेथे केवळ उंट कर्णावर बसवून राहणे पुरत नाही. राजाचे प्यादे एक घर टाकून त्या आगंतुकास तात्काळ आव्हान द्यावे, किंवा वजिराच्या घोड्याचे प्यादे दोन घरे टाकून त्याची कुमक तोडावी. राजगडाच्या माच्या कितीही भक्कम असल्या तरी बालेकिल्ल्याची फिकीर सोडून चालत नाही.

दाखला १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेचा. रेटीने काळ्या मोहऱ्यांच्या कापाब्लांकाला, म्हणजे आठ वर्षे एकही डाव न हरलेल्या जगज्जेत्याला, ३१ खेळ्यांत नमविले. त्या डावात पांढऱ्याच्या वजिराचे प्यादे आठव्या खेळीस एक घर हलले, राजाचे प्यादे पंधराव्या खेळीस एक घर हलले. आणि सोळाव्या खेळीस वजिराचे प्यादे पुढे जाऊन मध्याला भिडले. एवढा वेळ थांबूनही तो गाफील नव्हता, हे माझ्या मते त्या डावाचे खरे मर्म, आणि वेल्ह्याच्या आजोबांना ते पटकन उमगले असते.

भोरच्या वाचकांनी म्हणून एकेक घर चालण्याची सवय सोडू नये. प्रत्येक खेळीपूर्वी मध्याचा प्रश्न मात्र स्वतःस विचारावा. तहकूब प्रकरण पुढील आठवड्यात घेऊ. तोवर रेटीचा हा डाव पटावर मांडून, सोळाव्या खेळीपाशी थांबून, पुढील खेळी स्वतः शोधून पाहावी.