पिकअपला पाटे वाढवण्याआधी वजनकाट्यावर जा

भोपाळच्या नेहरू नगरातून भदभद्याच्या बाजूने रातीबडकडे निघाले की उन्हाळ्यात एक दृश्य हमखास दिसते. पुढे पिकअप, मागे पाण्याची टाकी बसवलेला दोन चाकी ट्रेलर, पिकअपची शेपटी जमिनीला टेकू पाहते आहे आणि पुढचे दिवे आकाशाकडे रोखलेले. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. शेतकऱ्याला वाटते, गाडी मागून बसली म्हणजे पाटे कमजोर झाले. तो पाटेवाल्याकडे जातो, पाटेवाला दोन जाड पाटे घालून देतो, गाडी उभी राहते आणि काम झाले असे समजून सगळे घरी जातात.

आमच्या शेजारच्या काकांनीही हेच केले. त्यांची शेती रातीबडच्या बाजूला आहे. पाटे घातल्यावर गाडी छान सरळ दिसत होती, म्हणून तेही खूष होते. पहिल्या पावसाच्या दिवशी भरलेला ट्रेलर मागे घेऊन ते उतारावरून येत होते. ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. पुढची चाके घसरली, स्टिअरिंग हलके झाले, मागून ट्रेलर ढकलत राहिला आणि गाडी शेवटी रस्त्याकडेच्या मातीच्या बांधाला टेकून थांबली. हौद्यात दोन मजूर बसलेले होते. कोणालाही इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून या विषयाची नीट माहिती करून घ्यावी असे मला वाटू लागले. आपल्यापैकी पुष्कळांकडे आता पिकअप आहे आणि तिला मागे काही ना काही जोडण्याचा प्रसंग येतोच. कधी टाकी असते, कधी फवारणीचा पंप, कधी जनरेटर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. पाटे, रबराचे ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या यांनी गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढत नाही. एक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच आणि चॅसिसही तीच राहते. पाटे वाढवल्याने फक्त शेपटी वर येते. आरसी पुस्तकावर एकूण भारासह जे वजन छापलेले असते तेच कायद्याला मान्य असते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या सुधारणेत जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये दंड ठेवला आहे. "मी जादा पाटे घातलेत" हे उत्तर तिथे चालत नाही. ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते, हे आपल्याकडे बरेच जण विसरतात.

आता गाडी मागून बसते का, ते पाहू. दोन चाकी ट्रेलरच्या वजनाचा काही भाग हुकावर येतो. हा भाग ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के असावा असे धरतात. त्याहून फार कमी असेल तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवू लागतो. चार चाकांच्या ट्रॉलीची गोष्ट वेगळी. तिचा दांडा हुकावर फारसा भार टाकत नाही. समजा टाकीत 1,000 लिटर पाणी आहे, म्हणजे 1,000 किलो, आणि रिकामा ट्रेलर 300 किलोचा. एकूण 1,300 किलो. हुकावर 130 किलो आले. हे ऐकायला काहीच नाही, दोन माणसांचे वजन. पण हुक मागच्या एक्सलच्याही मागे असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 3 मीटर अंतर असेल आणि हुक मागच्या एक्सलपासून 1.2 मीटर मागे असेल, तर पहारीचा नियम लागू होतो. मागच्या एक्सलवर 130 नव्हे तर 182 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 52 किलो उचलले जातात. हौद्यात मागच्या फळीजवळ खताच्या गोण्याही ठेवल्या असतील तर पुढचा भाग आणखी हलका होतो. गाडी वळवण्याचे सगळे काम आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. ओल्या रस्त्यावर ती हलकी असली म्हणजे काय होते, ते काकांनी पाहिले.

म्हणून पाटेवाल्याच्या आधी वजनकाट्यावर जावे, ज्याला भोपाळात धर्मकाँटा म्हणतात. ज्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता काट्याच्या पातळीत आहे असा काटा शोधावा. नेहमीचा माल आणि माणसे घेऊन, पण ट्रेलर सोडून, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत आणि आकडा लिहून ठेवावा. मग पूर्ण गाडी काट्यावर घ्यावी. आता ट्रेलर जोडून पुन्हा तसेच करावे, मात्र ट्रेलरची चाके काट्याच्या बाहेर ठेवावीत. पूर्ण गाडीच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. पुढच्या चाकांच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पुढून किती वजन उचलले गेले ते. एकूण आकडा आरसीतल्या आकड्याशी ताडून पाहावा. तो जास्त भरला तर माल कमी करणे हाच उपाय आहे. पाट्यांचा विचार तिथेच थांबतो. हुकावरचा भारही गाडीच्या मालातच मोजायचा असतो आणि माणसेही त्यातच येतात.

वजन मर्यादेत असूनही गाडी बसत असेल तर पहिला संशय नवे पाटे घालण्याचा नव्हे, जुने तपासण्याचा असावा. कमान सपाट झाली आहे का? एखादा पाटा मधोमध तडकला आहे का? बुश आणि शॅकल झिजले आहेत का? पाटे तापवून, ठोकून पुन्हा वाक देण्याचा धंदा चालतो, पण स्प्रिंगच्या पोलादाला दिलेले पाणी त्या तापवण्याने उतरते आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. नवा पाटा घेणे बरे. पाटे बनवणारा मोठा कारखाना मध्य प्रदेशातच ग्वाल्हेरजवळ मालनपूरला आहे, तेव्हा चांगला माल मिळणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

पाटा वाढवायचाच असेल तर जाडीकडे लक्ष द्यावे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एक पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. "थोडा जाड घालून देतो" या शब्दांत किती काय दडलेले असते ते यावरून दिसेल. सर्वांत खाली बसणारा मदतनीस पाटा निवडावा. गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो आणि भार आला की टेकतो. नेहमी काम करणारा जादा पाटा घातला तर रिकामी गाडी दगडासारखी कडक होते आणि खड्ड्यावर मागचे चाक जमीन सोडते. काही नव्या गाड्यांना पॅराबोलिक पाटे असतात. ते दोन-तीनच असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, आणि एकमेकांना सगळीकडे टेकत नाहीत. त्यांच्यात साधा सपाट पाटा घुसवणे म्हणजे ती रचनाच मोडणे होय.

रबराचे ठोकळे स्वस्त असतात आणि त्यांची देखभाल नाही. कधीमधी ट्रेलर ओढणाऱ्याला ते पुरतात. हवेच्या पिशव्या मात्र ज्याचा भार रोज बदलतो त्याच्यासाठी. सकाळी टाकी, दुपारी रिकामी, संध्याकाळी भाजी, अशा माणसाला हवा कमीजास्त करता येते ही सोय मोठी आहे. पण दोन्ही बाजूंना वेगळी नळी हवी. एकच नळी असली तर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत जाते आणि गाडी अधिकच कलते. सायलेन्सरची उष्णता आणि शेतातले दगड यांपासून पिशवी दूर असावी. जिथे पंक्चर काढायलाही दहा किलोमीटर जावे लागते तिथे मी हा प्रकार घेणार नाही. शॉकअबसॉर्बर बदलल्याने गाडी उचलली जात नाही, फक्त तिचे उसळणे थांबते. तरी ते गळत असतील तर पहिला पैसा त्यांवरच खर्च करावा, कारण ट्रेलरच्या धक्क्यांनी गाडी मागेपुढे डुलायला लागली की चालकाच्या हातात फार थोडे उरते.

आता काकांच्या गाडीकडे येऊ. तिच्यात ब्रेकचा एक भाग होता ज्याचे नाव त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. बऱ्याच पिकअपमध्ये चॅसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसिस खाली येते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की तो ब्रेक कमी देतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत. युक्ती उत्तम आहे. पण जाड पाट्यांनी शेपटी वर उचलून धरली तर व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीला मागून ब्रेक मिळत नाही आणि आधीच हलक्या झालेल्या पुढच्या चाकांवर सगळा बोजा पडतो. पाटे किंवा पिशव्या घातल्यावर ही दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम गाडीच्या कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच व्हावे. पाटेवाल्याला हे विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर तिथे पाटे घालू नयेत.

पाण्याच्या टाकीबद्दल थोडे. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट. ब्रेक लावला की पाणी पुढे आदळते, चढावर ते मागे जाते आणि हुकावरचा भार नाहीसा होतो. टाकीच्या आत आडवे पत्रे बसवलेले असावेत. ट्रेलर जड असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेत; पिकअपच्या मागचे कोणतेही पाटे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

पाठीचे दुखणेही याच विषयात येते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारे हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात, आणि कच्च्या रस्त्यावरचे वाहन त्याच बेताने हलू शकते. ताठ पाट्यांच्या रिकाम्या गाडीतून रोज फिरणाऱ्याची कंबर धरते ती उगाच नाही. भोपाळात नबीबाग येथे 1976 पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. शेतीची यंत्रे चालवणाऱ्याच्या शरीरावर काय परिणाम होतो आणि अपघात कसे टाळावेत, या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचा समन्वय तिथूनच चालतो. आपण ट्रॅक्टरची सीट बदलतो, पिकअपची मात्र फाटेपर्यंत तीच ठेवतो. गरोदर स्त्रीला आणि लहान मुलांना हौद्यात तर मुळीच बसवू नये. मालाच्या गाडीत माणसे नेणे कायद्यातही बसत नाही.

काकांनी दोन्ही जाड पाटे काढले. जुन्यांपैकी एक तडकलेला निघाला, तो बदलला, एक मदतनीस पाटा घातला आणि व्हॉल्व्हची दांडी जुळवून घेतली. ट्रेलरवरची टाकी वीतभर पुढे सरकवली, कारण काट्यावर हुकावरचा भार फारच कमी भरला होता. गोण्या आता हौद्यात केबिनला टेकून ठेवतात. यू बोल्ट नवे घातले आणि थोडे दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घेतले. नवे पाटे बसताना ते सैल होतातच. मजूर आता बसने येतात.