न काढलेली रेघ

हातात पेन असेल तर एक करून पाहा. कागद वीजबिलाच्या पाठचा असला तरी चालेल. एक गोल काढा. त्यात वरच्या अंगाला दोन टिंबं, खाली एक आडवी रेघ. झालं. आता त्या गोलाकडे बघा बरं. तोही तुमच्याकडे बघतोय की नाही?

असा चेहरा जगात कुणालाच नाही. त्याला नाक नाही, कान नाहीत, केसाचा पत्ता नाही. तरी कागदावर कुणीतरी येऊन बसलंय खरं. आता टिंबांच्या वर दोन तिरप्या रेघा द्या, नाकाच्या बाजूला उतरत्या. साहेब भडकले! त्याच रेघा कानांच्या बाजूला उतरवा. बिचारा रडकुंडीला आला. शाई तेवढीच, कागद तोच. मग हा राग आला कुठून आणि ही रड आली कुठून?

दोन्ही आली तुमच्या डोक्यातून. माणसाचा मेंदू चेहऱ्यांसाठी कायम हपापलेला असतो. जन्मून काही तासच झालेलं बाळसुद्धा इतर आकारांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त वळून पाहतं. मेंदूच्या तळाशी एक छोटासा भाग आहे, तो चेहरे टिपण्यात विशेष तरबेज. समोर चेहरा आला की साधारण १७० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत, मेंदूत त्याची वर्दी पोचलेली असते. ‘हा खरा चेहरा आहे की दोन भोकांचा प्लगपॉइंट’ हा विचार त्यानंतरचा. म्हणून तर समोरून येणारी बस कधी हसरी दिसते, कधी रागावलेली.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांत खिडकीशी एक टेबल असतं. तिथं बसून कुणी लिहितं, कुणी चित्रं काढतं, कुणी दोन्ही करतं. नोकरी नाही, हजेरी नाही, पगाराची तारीख नाही. या फ्रीलान्स मंडळींचं भांडवल किती, असं विचाराल तर पेन, कागद आणि आता बहुतेकांकडे एक टॅब. पण खरं भांडवल त्यांच्या घरात नसतंच. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात असतं. तिथं पोचायचं, नेमकी कळ दाबायची आणि बाजूला व्हायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग.

ही कळ पहिल्यांदा नीट समजली ती एका शाळामास्तरला. जिनिव्हाचा रोडॉल्फ टॉफर. वडील चित्रकार, यालाही चित्रकारच व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या विकारानं ते राहिलं. मग त्यानं मुलांसाठी वसतिशाळा चालवली, पुस्तकं लिहिली आणि गंमत म्हणून चित्रांच्या गोष्टी काढल्या, शब्दही आपलेच, रेघाही आपल्याच. आज ज्याला आपण कॉमिक म्हणतो त्याचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. १८४५ साली त्यानं एक निबंध छापला. त्यातलं म्हणणं असं, की चेहरा कितीही वेडावाकडा काढा, अगदी लहान पोरानं गिरगटलेला असू दे, त्याला काही ना काही भाव असतोच. भाव नसलेला चेहरा काढणं अशक्य! हवं तर तुमच्या त्या वीजबिलावर प्रयत्न करून बघा. जमणार नाही.

आता आपल्या अंधेरीकडे येऊ. ‘टिंकल’ हे मुलांचं मासिक अनंत पै यांनी १९८० साली सुरू केलं. पुढं अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये त्याचा संसार थाटला गेला. या मासिकातला शिकारी शंभू आठवतोय? १९८३ साली तो अवतरला. लुईस फर्नांडिस लिहायचे, वसंत हळबे चित्रं काढायचे. शंभू म्हणजे शूरवीर म्हणून गाजलेला पक्का भित्रा माणूस. वाघ दिसला की याची गाळण उडते, आणि नेमकं काहीतरी असं घडतं की वाघच पकडला जातो. आता मला सांगा, शंभूचे डोळे कसे होते?

आठवणार नाहीत, कारण ते काढलेलेच नाहीत. त्याची शिकारी टोपी डोळ्यांवर उतरलेली असते. कायमची. केवढं हे धाडस! ज्याचा सगळा विनोद भीतीवर उभा आहे, त्याचे डोळेच झाकून टाकायचे? भीती माणसाच्या डोळ्यांत दिसते ना? पण नीट पाहा. मिशा काय सांगतात, आ वासलेलं तोंड काय सांगतं, खांदे कानापर्यंत कसे चढलेत, गुडघे कसे वळलेत, डोक्याभोवती घामाचे थेंब कसे उडालेत. एवढं मिळालं की टोपीखालचे भेदरलेले डोळे आपण स्वतः काढून घेतो. हळब्यांनी काढले असते त्यापेक्षा कदाचित मोठे काढतो!

हळबे गेल्यावर शंभू सॅव्हियो मस्करेन्हस यांच्या हाती आला. त्याच मासिकातला भोळसट सुपंदी राम वाईरकरांनी रंगवला होता, आणि त्यांच्यानंतर तो त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सांभाळला. हातांचे ठसे निराळे, मनगटाचा झोक निराळा, पण सुपंदी तोच. माणूस जातो आणि त्यानं काढलेलं डोकं, त्या डोक्याचा तो विचित्र आकार, दुसऱ्याच्या बोटांतून जसाच्या तसा उगवतो. मला यात अजून नवल वाटतं.

वगळण्याची ही कला आली कशी? पुष्कळदा नाइलाजातून. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची गोष्ट बघा. भारतातला सामान्य माणूस दाखवायचा म्हणजे बंगाली हवा, तमिळ हवा, पंजाबी हवा, मराठी हवा. म्हणून सुरुवातीला ते चित्राच्या मागं अशी सगळी गर्दी काढायचे. पण रोजच्या अंकाची वेळ कुणासाठी थांबते का? मग एकेक माणूस गळत गेला. बासुंदीला दूध आटवावं तशी ती गर्दी आटत आटत एका माणसावर आली. धोतर, चौकड्यांचा कोट, टकलाच्या कडेनं उरलेले केस. आणि तो बोलत नाही! अवतीभवतीचे पुढारी बडबडतात, हा नुसता ऐकतो. सबंध देशाची तक्रार त्याच्या गप्प राहण्यात मावली.

चित्रात जशी रेघ वगळतात तशी चित्रकथेत वेळ वगळतात. समजा पहिल्या चौकटीत बोरिवली लोकल आहे. एक जागा रिकामी झाली आहे आणि दोन गृहस्थ दोन बाजूंनी तिच्याकडे डोळे लावून उभे आहेत. दुसऱ्या चौकटीत दोघंही उभेच आणि जागेवर एक भलीमोठी टोपली. बस्स. मधल्या काळात काय झालं? दोघं झेपावले, एकमेकांवर आदळले, ‘अहो, मी आधी’ झालं, आणि टोपलीवाली मावशी मधून सुळकन सरकली. हे सगळं तुम्ही पाहिलंत. पण कुठं पाहिलंत? दोन चौकटींमध्ये बोटभरही नसलेली कोरी पट्टी आहे, तिथं. त्या पट्टीत चित्रकारानं शाईचा थेंबही सांडलेला नाही. सिनेमावाल्याला हाच प्रसंग दाखवायला डबा, गर्दी आणि कॅमेरा लागला असता. इथं फुकटात झाला, आणि प्रत्येक वाचकाच्या डोक्यात निराळा झाला.

आणि शब्द? व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी तेही वगळले. ‘मोहिनी’ मासिकाच्या १९५२च्या मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी आहेत. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. चित्राखाली ओळ नाही. पाहणारा क्षणभर थबकतो, मग फिसकन हसतो. का हसतो? आर्थर कोस्लर या लेखकानं १९६४ साली याचं एक उत्तर मांडलं. आपसात काडीचा संबंध नसलेले दोन विचार आपापल्या रुळांवरून धावत असतात, आणि अचानक एका बिंदूवर दोघांची गाठ पडते. त्या गाठीत हसू फुटतं. इथं एका रुळावर तरुणाईची नजरानजर, दुसऱ्यावर मांजराची शिकार. फडणीसांनी दोन्ही रूळ आखून ठेवले. टक्कर मात्र तुमच्या डोक्यात होते. ते वाक्यात लिहून सांगितलं असतं तर हसू केव्हाच विझलं असतं.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशानं सिव्हिल इंजिनिअर. ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं त्यांनी वर्षानुवर्षं केली, आणि चित्रं काढता काढता व्यंगचित्र म्हणजे काय यावर मराठीत गांभीर्यानं लिहिलंही. व्यंगचित्राकडे ते चित्रकार आणि वाचक यांच्यातला संवाद म्हणून पाहत. इंजिनिअरलाच हे सुचावं हे मला फार आवडतं. पुलाचा अर्धा भाग आपण बांधायचा आणि उरलेला समोरच्या काठावरच्या माणसानं बांधायचा, एवढा भरवसा ठेवायला हिंमत लागते.

या भरवशाचा अस्सल मराठी खेळ म्हणजे खिडकीचित्र. मधुकर पाटकरांनी १९५१ साली ‘आवाज’ हा दिवाळी अंक सुरू केला आणि या अंकानं कागदालाच खिडकी पाडली. पानाला कापून भोक. त्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो. तो तुकडा पुढच्या चित्रात बसला की काहीतरी भलतंच, चावट वाटावं असं चाललेलं दिसतं. पान उलटा, तर तोच तुकडा एका अगदी सोज्वळ प्रसंगाचा भाग! चावटपणा कुणाचा होता मग? चित्रकाराचा तर मुळीच नाही, त्यानं सोज्वळ चित्र काढलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचक स्वतःच्याच मनाला असा रंगेहाथ पकडून हसत आला.

आता त्या खिडकीशी असलेल्या टेबलाकडे परत जाऊ. तिथला दिवस असतो तरी कसा? बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हा माणूस काहीच करत नाही. सकाळी पेपर. बातम्यांच्या कडेला खुणा. मग वहीत दोन-दोन शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले: पाण्याची टाकी आणि निवडणूक, लिफ्ट आणि संसार. या जोड्या एकमेकींवर आपटून पाहायच्या. बहुतेक जोड्या ठिणगी देत नाहीत. त्या खोडायच्या. दुपारी भाजी आणायला निघालं की एखादी जोडी जिन्यात पेटते. मग इवलंसं रफ, त्यातून एक माणूस कमी, एक खुर्ची कमी, कॅप्शनमधला एक शब्द कमी. शेवटी शाई. शाईला काही मिनिटं पुरतात, आणि वाचकाला दिसतात त्या तेवढ्याच मिनिटांच्या रेघा. मानधनही बऱ्याचदा तेवढ्याच मिनिटांचं मिळतं, हे मात्र चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऋतूंचीही गंमत बघा. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक-चित्रकारांचं पंचांगच निराळं झालं. संपादकांचे फोन उन्हाळ्यात सुरू होतात. बाहेर कुर्ल्याच्या रुळांवर पाणी भरलेलं असतं आणि आत टेबलावर आकाशकंदील काढणं चालू असतं. ऑक्टोबरात लोक कशावर हसतील, हे जुलैत ओळखायचं!

असंच एक टेबल मुंबईच्या वेशीबाहेर. दहिसरचा चेकनाका ओलांडला की मीरा रोड. तिथले आबिद सुरती लेखकही आणि व्यंगचित्रकारही, गुजराती-हिंदीत लिहिणारे. त्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुंबईत गोऱ्या सैनिकांच्या गाडीमागं पोरं धावायची. एकदा गाडीतून एक कॉमिक भिरकावलं गेलं, पोरांची झोंबाझोंबी झाली, आणि छोट्या आबिदच्या हाती त्याचं एकच पान लागलं. एकच पान! पुढचं-मागचं सगळं मनानंच रचायचं. चित्रकार घडवायला याहून चांगली शाळा कुठली? पुढं ‘धर्मयुग’ साप्ताहिकात एक चित्रमालिका वेळेवर आली नाही, तेव्हा रिकामी जागा भरायला म्हणून त्यांनी ढब्बूजी काढला. तात्पुरता आलेला ढब्बूजी कितीतरी वर्षं मुक्काम ठोकून राहिला.

बारीकसारीक गोष्ट हेरायची आणि मोठी करून दाखवायची, ही व्यंगचित्रकाराच्या नजरेची सवय. ती टेबलावरून उठल्यावर जात नाही. नळातून सेकंदाला एक थेंब गळला तर महिन्याकाठी सुमारे हजार लिटर पाणी वाया जातं, असं सुरतींनी कुठंतरी वाचलं आणि तो थेंब त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. २००७ साली ते एका प्लंबरला घेऊन रविवारी मीरा रोडच्या इमारतींत शिरले आणि दारोदार जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. पहिल्याच वर्षात लाखो लिटर पाणी वाचल्याचा त्यांचा हिशेब आहे.

यंदा दिवाळी अंक हाती आला की एक करा. चित्र पाहून हसलात की लगेच पान उलटू नका. खालच्या कोपऱ्यात एक बारीकशी सही असते, ती लावून वाचा. आणि तो माणूस तुमच्या शेजारच्या इमारतीत राहत असेल, तर त्याला गाठून सांगा की चित्र आवडलं.