मनोऱ्याची कैफियत

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून नभोवाणीचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. तेव्हापासून आजतागायत ‘रेडिओ केंद्र’ म्हटले की श्रोत्याच्या मनश्चक्षूंपुढे निवेदकाची खोली उभी राहते, फारच चौकस असेल तर प्रक्षेपकाची कपाटे, आणि गावाबाहेर माळावर किंवा खाडीकाठी एकाकी उभा असलेला मनोरा मात्र त्याला अँटेना टांगण्याचा खांब एवढाच वाटतो. मध्यमलहरींच्या केंद्रापुरता तरी हा समज मुळातच चुकीचा आहे. तेथे मनोऱ्यावर अँटेना नसते, मनोरा हीच अँटेना असते. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झ कंप्रतेची तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर भरते आणि तिचा चतुर्थांश ९५ मीटरांच्या आसपास येतो. अशा हिशेबाने उंची बेतलेला सबंध लोखंडी इमला पायाशी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर तोललेला असतो, त्याला सावरणाऱ्या ताणतारादेखील जागोजागी इन्सुलेटर घालून तोडलेल्या असतात, आणि या अँटेनेचा उरलेला, कोणालाच न दिसणारा भाग जमिनीत वीतभर खोल पुरलेल्या तांब्याच्या तारांच्या रूपाने मनोऱ्याभोवती चक्राच्या आऱ्यांसारखा पसरलेला असतो. दोषाचा शोध घ्यायचा तो एवढ्या मोठ्या मुलखात, ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे पुढचे गैरसमज कोठून उपजतात हे सहज कळते.

त्यांतला सर्वांत रूढ गैरसमज असा की, प्रक्षेपक वरचेवर ट्रिप होऊ लागला म्हणजे प्रक्षेपकच बिघडला. पुष्कळदा खरा प्रकार याच्या अगदी उलट असतो. अँटेनेने न स्वीकारलेली शक्ती फीडरमधून, म्हणजे प्रक्षेपकापासून मनोऱ्यापर्यंत शक्ती नेणाऱ्या वाहिनीतून, माघारी येते. केंद्रातील मंडळी तिला नुसते ‘रिफ्लेक्टेड’ म्हणतात. आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की प्रक्षेपक स्वतःच्या रक्षणासाठी क्षणभर शक्ती तोडतो. एवढ्या अवकाशात मनोऱ्याच्या पायथ्याशी किंवा एखाद्या कॉइलवर पेटलेली ठिणगी विझते आणि कार्यक्रम पुन्हा सुरू होतो. प्रक्षेपकाने आपले काम चोख बजावलेले असते, पण तक्रार त्याच्याच नावावर नोंदवली जाते! याहून घातक म्हणजे ‘ट्रिपची मर्यादा थोडी वाढवून ठेवू, कटकट मिटेल’ ही तजवीज. कटकट मिटते खरी, परंतु जी ठिणगी क्षणात विझायची ती जळत राहते आणि इन्सुलेटर तडकवूनच थांबते.

दोष कोणाकडे याचा फैसला करण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. अँटेनेऐवजी प्रक्षेपकाला डमी लोड, म्हणजे शक्ती निमूटपणे उष्णतेत जिरवणारा रोध, जोडावा. त्यावर प्रक्षेपक पूर्ण शक्तीने आणि पूर्ण मॉड्युलेशनने, म्हणजे वाहक लहरीवर आवाजाची पूर्ण छाप चढवून, निर्वेध चालला तर तो निर्दोष सुटला. मग तोच प्रयोग फीडरच्या दुसऱ्या टोकाशी, मनोऱ्याजवळच्या, फीडर आणि अँटेना यांचा मेळ घालणाऱ्या ट्यूनिंगच्या खोलीत करावा, म्हणजे संशयाचा मुलूख आणखी आक्रसतो. या खोलीत कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये सापडून जळालेली पाल हा शोधाचा अंतिम निष्कर्ष निघणे मुळीच दुर्मीळ नाही.

रिफ्लेक्टेडचा काटा शून्यावर आहे, तेव्हा अँटेना ठीक आहे, हा समज मात्र जाणत्यांनाही चकवतो. वर सांगितलेला डमी लोडच पाहा ना: त्याच्यावर काटा शून्यावर निश्चल राहतो, आणि केंद्राचा आवाज कुंपणापलीकडे जेमतेम जातो. काटा एवढेच सांगतो की शक्ती परत आली नाही. ती आकाशात गेली की मातीत, याविषयी तो अवाक्षर बोलत नाही. चतुर्थांश तरंगलांबीच्या मनोऱ्याचा पायाशी रोध आदर्श भूमीवर सुमारे ३६ ओहम असतो. दहा किलोवॅटचे केंद्र धरले तर पायथ्याच्या मीटरवर साधारण १६.७ अँपिअर प्रवाह दिसावा. आता पुरलेल्या तारा कुजल्या, कोणी नांगरल्या, किंवा तांब्याच्या लोभाने रातोरात उपटून नेल्या, आणि त्यामुळे भूमीच्या व्ययाचे दहा ओहम त्यात मिसळले असे समजू. रोध ४६ झाला. एवढ्या बदलाने रिफ्लेक्टेड शक्ती वाढते ती शंभरात जेमतेम दीड भाग. ट्यूनिंगच्या कॉइलचा टॅप किंचित हलवला की तीही नाहीशी होते, आणि नोंदवहीत ‘दोष दूर केला’ असा शेरा पडतो. प्रत्यक्षात पायथ्याचा प्रवाह १४.७ अँपिअरवर उतरलेला असतो आणि दहांपैकी सुमारे २.२ किलोवॅट माती तापवण्यात खर्ची पडत असतात. ब्राऊन, लुईस आणि एप्स्टाइन या अमेरिकन अभियंत्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून चतुर्थांश लांबीच्या १२० तारा पुरण्याचा जो प्रघात पडला, तो उगाच नव्हे. म्हणून काट्याच्या साक्षीवर भिस्त न ठेवता पायथ्याचा प्रवाह आणि काही मैलांवरच्या ठरावीक जागी मोजलेली क्षेत्रतीव्रता यांची जुन्या दाखल्यांशी पडताळणी केल्यावाचून अँटेनेविषयी अभिप्राय देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुसळधार पावसाने मनोऱ्यात बिघाड होतो, हेही सर्रास ऐकू येते. किनाऱ्यावरच्या केंद्रांत निराळाच न्याय चालतो. कोरड्या ऋतूत समुद्रवाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचे आणि धुळीचे पूट चढत जाते. ते कोरडे असेतोवर निरुपद्रवी असते, मात्र पहाटेच्या दवाने किंवा पहिल्या भुरभुरीने ओलावले की विद्युत्‌वाहक बनते आणि ठिणग्या सरपटू लागतात. आषाढातली संततधार हेच मीठ धुऊन नेते. खरा वैरी दव आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पावसाळ्याची वाट न पाहता, प्रक्षेपण बंद ठेवून, गोड्या पाण्याने इन्सुलेटर धुण्याचा बंदोबस्त. ढग नुसते जवळ आले असता, पाऊस नसतानाही, ताणतारांच्या सुट्या तुकड्यांवर साचलेला स्थिर भार कडकन उडी घेतो आणि केंद्र ट्रिप होते, ते प्रकरण वेगळे.

मल्टीमीटरविषयीचा भाबडेपणा दोन्ही अंगांनी नडतो. मनोरा आणि जमीन यांच्यात मीटर लावून शून्याच्या जवळ आकडा आला की नवखा तंत्रज्ञ ‘शॉर्ट झाला’ म्हणून ओरडतो. पण स्थिर भार निचरून जावा म्हणून तेथे मुद्दाम एक चोक, म्हणजे तारेचे वेटोळे, बसवलेला असतो, आणि मीटरच्या एकदिश प्रवाहाला तो मोकळी वाटच देतो. उलट तो चोक सोडवून मोजल्यावर इन्सुलेटरचा रोध अफाट भरला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. मीटरचा दाब काही व्होल्टांचा. प्रक्षेपण चालू असता तेथे हजारो व्होल्ट असू शकतात, आणि शंभर टक्के मॉड्युलेशनच्या शिखरावर वाहक लहरीच्या मानाने दाब दुप्पट आणि तात्कालिक शक्ती चौपट होते. म्हणूनच संथ निवेदन सुरळीत चालते आणि सनईचा सूर चढला की नेमके तेव्हाच केंद्र ट्रिप होते. दोष संगीतात नसतो, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

मनोऱ्यावरच्या तांबड्या दिव्यांची वीज ज्या चोकमधून किंवा एकमेकांत अंतर राखून गुंतवलेल्या दोन कड्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून वर जाते, तीही पायथ्याच्या इन्सुलेटरला समांतरच जोडलेली असते. तिच्यातल्या दोषाने अँटेनेचा रोध बदलला, तर दिवे विनातक्रार जळत असतानाही केंद्र हैराण होते.

एफएमची तऱ्हा न्यारी. तेथे मनोरा खरोखरच खांब असतो, अँटेना त्याच्या मानाने लहानशी, आणि दोष बहुधा वर जाणाऱ्या केबलमध्ये: पाणी शिरलेले, किंवा सांधा सैल पडून तापू लागलेला. पाण्याने केबलचा व्यय वाढून निम्मी शक्ती वाटेतच जिरत असेल, तर वरची अँटेना समूळ तुटली तरी परतीच्या वाटेवर पुन्हा निम्मी होऊन खाली फक्त चौथा हिस्सा दिसतो. दोष अशा तऱ्हेने स्वतःच स्वतःवर पांघरूण घालतो. केबलमध्ये स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजणारे उपकरण येथे फार उपयोगी पडते. केबलमधला वेग प्रकाशाच्या ८८ टक्के असेल आणि प्रतिध्वनी एक मायक्रोसेकंदाने आला, तर दोष १३२ मीटरांवर आहे, असे बिनचूक सांगता येते.

राहिली श्रोत्यांची पत्रे. ‘आवाज क्षीण येतो’ एवढ्या मजकुरावरून मनोऱ्यापाशी कोणालाच काही करता येत नाही. आवाज कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, किती वाजता खालावला, अचानक की हळूहळू, आणि त्या पहाटे दव पडले होते काय, एवढे श्रोत्यांनी कृपा करून पत्रात अवश्य लिहावे.